यात्रिक आणि पर्यटक : शहापूर-मुरबाडच्या वाटांवरून

‘स्थलदर्शन’ हा शब्द सहलींच्या माहितीपत्रकांतून मराठीत चांगला रुळला आहे. त्यातील ‘स्थल’ नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. ‘दर्शन’ हे पद मात्र देवळातून आले आहे, आणि तिथे त्याचा अर्थ नुसते पाहणे एवढाच नाही. भक्त देवाला पाहतो तसा देवही भक्ताला पाहतो, अशी दर्शनामागची धारणा असते. मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेत डोळे उघडण्याच्या विधीला, म्हणजे नेत्रोन्मीलनाला, इतके महत्त्व आहे ते याचमुळे. जो पाहतो त्याच्याकडेही पाहिले जात आहे, ही जाणीव दर्शनात असते आणि पाहण्यात नसते. यातून एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. जागा पाहायला आलेला पर्यटक आणि त्याच जागेच्या दर्शनाला आलेला यात्रिक यांच्यात नेमका भेद कशामुळे पडतो?

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर आणि मुरबाड हे तालुके या प्रश्नाच्या तपासणीसाठी सोयीचे आहेत. शहापूर कसाऱ्याच्या लोकलमार्गावर आहे. मुरबाडला रेल्वे नाही, पण कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा महामार्ग त्यातूनच जातो. दोन्ही तालुक्यांच्या उगवतीला सह्याद्रीची भिंत उभी आहे. शनिवार-रविवारी मुंबई, ठाणे, कल्याणहून येणारा ट्रेकर आणि नवस फेडायला निघालेला गावकरी इथे पुष्कळदा एकाच पायवाटेने चढतात. वाट एक आणि शिखरही एक असल्यामुळे भेद असेल तर तो जागेबाहेर शोधावा लागतो.

तीर्थ म्हणजे उतार

‘तीर्थ’ शब्दाच्या मुळाशी ‘तॄ’ म्हणजे तरणे, पार होणे हा धातू आहे. नदीला जिथे उतार मिळतो ती जागा म्हणजे तीर्थ, हा त्याचा जुना आणि साधा अर्थ. पवित्रतेचा अर्थ त्यावर नंतर चढला. मराठीतील ‘घाट’ शब्दाचीही अशीच गंमत आहे. नदीकाठच्या पायऱ्यांनाही घाट म्हणतात आणि डोंगर ओलांडायच्या वाटेलाही घाटच म्हणतात. पाणी असो वा कडा, पार जाण्याची सोय जिथे आहे तिथे घाट आहे.

या अर्थाने मुरबाड तालुक्याचे सर्वांत जुने तीर्थ नाणेघाट ठरेल. वैशाखरे गावाच्या बाजूने चढणारी ही वाट माथ्यावर जुन्नर तालुक्यात निघते. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांचा माल याच खिंडीतून जुन्नरकडे जात असे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील प्रसिद्ध लेख आहे. लेखाच्या आरंभी इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय यांसारख्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते. गायी, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे तिथे कातळात कोरलेले आहेत. लेण्याबाहेर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. म्हणजे धर्माचा हिशेब आणि व्यापाराचा हिशेब एकाच खिंडीत शेजारी शेजारी आहेत.

या लेखाशेजारी महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रेचे प्रकरण ठेवले की तीर्थकल्पनेचे सामाजिक अंग स्पष्ट होते. यज्ञाला पुष्कळ द्रव्य लागते, ते राजांना आणि श्रीमंतांना परवडते, तीर्थयात्रा मात्र निर्धनालाही साधते आणि तिचे फळ यज्ञाहून कमी नाही, असा तिथला युक्तिवाद आहे. राणीची दक्षिणा कातळावर नोंदली गेली. त्याच घाटातून ओझे वाहून नेणाऱ्याच्या पायांची नोंद कोणी केली नाही. ती ठेवण्याची सोय तीर्थयात्रेच्या विचाराने केली.

भेदाचे चार निकष

यात्रिक आणि पर्यटक यांना वेगळे करण्यासाठी सामान्यतः चार निकष पुढे केले जातात : हेतू, कष्ट, प्राचीनता आणि देवत्व. या दोन तालुक्यांतील स्थळांवर ते एकेक करून घासून पाहता येतात.

पहिला निकष हेतूचा. यात्रिक भक्तीसाठी जातो आणि पर्यटक मौजेसाठी, असे म्हटले जाते. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तिची ख्याती देवाइतकीच बैलबाजारासाठी आहे. माणसे देवाला नारळ फोडतात, बैलाचे दात पाहतात, घोंगडी खरेदी करतात, खाऊ खातात, सोयरिकीचे बोलतात आणि परततात. यातले कुठले काम भक्तीचे आणि कुठले मौजेचे, हे त्यांना विचारले तर प्रश्नच चमत्कारिक वाटेल. ‘यात्रा’ आणि ‘जत्रा’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत.

धर्मशास्त्राने ही सरमिसळ नाकारलेली नाही, उलट तिचा हिशेब मांडून ठेवला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेच्या नियमांचे विस्तृत विवेचन आहे. दुसऱ्याच्या वतीने तीर्थाला जाणाऱ्याला फळाचा सोळावा हिस्सा मिळतो. भलत्याच कामासाठी निघालेल्याला प्रसंगाने तीर्थ घडले तर निम्मे फळ मिळते. ही जुनी वाटणी आजच्या पर्यटकालाही लागू करता येते. धबधबा पाहायला निघालेल्याला वाटेत देऊळ लागले, तरी शास्त्राने त्याला खातेवहीतून काढून टाकलेले नाही. त्याचे निम्मे फळ जमा आहे. तेव्हा हेतू हा भेदाचा शेवटचा शब्द ठरत नाही.

दुसरा निकष कष्टाचा. पायी चालणे, उपवास, अनवाणी वाटचाल यांमुळे यात्रा घडते, आणि आराम शोधतो तो पर्यटक, असे मानले जाते. देहरी गावाजवळचा गोरखगड हा निकष उलटा करून दाखवतो. कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या, मधली प्रशस्त गुहा, पाण्याची टाकी आणि माथ्यावरचा महादेव अशी या गडाची रचना आहे. गोरक्षनाथांनी इथे साधना केली अशी परंपरा आहे आणि शेजारच्या सुळक्याला मच्छिंद्राचे नाव आहे. मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव अशी नाथपंथाची परंपरा वारकऱ्यांना जवळची, त्यामुळे या नावांना महाराष्ट्रात वेगळे वजन आहे. पण आज या पायऱ्या चढणाऱ्यांत ट्रेकर मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांतले काही जण पूजेचे ताट घेऊन येणाऱ्यापेक्षा जास्त कष्ट करतात. घाम गाळणे हेच पुण्य असते तर प्रत्येक गिर्यारोहक संत झाला असता. शास्त्रेही कष्टाला साधन मानतात, साध्य मानत नाहीत. हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, असे वनपर्वाचे सांगणे आहे. पाय थकले की मन ताब्यात आले, असा नियम नाही.

तिसरा निकष प्राचीनतेचा. शहापूर तालुक्यात डेहणे गावावर उभा असलेला आजोबाचा डोंगर हे याचे ठळक उदाहरण. इथे वाल्मीकींचा आश्रम होता, सीतेने लव-कुशांना इथेच वाढवले, आणि मुले ऋषींना ‘आजोबा’ म्हणत म्हणून डोंगराला ते नाव पडले, अशी लोककथा आहे. वरच्या कड्यात ‘सीतेचा पाळणा’ दाखवतात. वाल्मीकींचा आश्रम म्हणून दाखवली जाणारी ठिकाणे देशात अनेक आहेत आणि ती सर्व एकाच वेळी इतिहासाच्या अर्थाने खरी असू शकत नाहीत. तरीही त्यामुळे डेहण्याच्या माणसाच्या हात जोडण्यात खोटेपणा येत नाही. टाकलेल्या लेकीला आपल्या रानाने आसरा दिला, ही त्या कथेची नैतिक बाजू आहे, आणि ती तारखेवर अवलंबून नाही. दुसऱ्या टोकाला शहापूरजवळचे मानस मंदिर आहे. हे जैन मंदिर अलीकडच्या काळातले आहे, तरी तिथे दर्शनाला येणाऱ्या श्रावकाची श्रद्धा दोन हजार वर्षांच्या लेण्यातल्या श्रद्धेपेक्षा उणी ठरत नाही. सुटीच्या दिवशी इतर धर्मांची कुटुंबेही तिथे फिरायला येतात. म्हणजे वयावरूनही तीर्थ आणि प्रेक्षणीय स्थळ वेगळे काढता येत नाही.

चौथा निकष देवत्वाचा. देव असेल तिथे यात्रा, नसेल तिथे सहल, असे म्हणावे तर सिद्धगड आडवा येतो. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातील या गडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडून ब्रिटिश सत्तेला जेरीस आणणाऱ्या आझाद दस्त्याचे ते नायक होते. दरवर्षी २ जानेवारीला लोक तिथे जमून त्यांना अभिवादन करतात. तिथे कोणतीही देवता नाही आणि कोणाचा नवसही नाही, पण जमलेल्या माणसांचे वागणे सहलीला आलेल्यांचे नसते. आसनगावजवळचा माहुली किल्लाही असाच. १६३६ साली शहाजीराजांना इथेच वेढा पडला आणि निजामशाही वाचवण्याची त्यांची धडपड इथेच संपली. पायथ्याच्या देवळापेक्षा माथ्यावरच्या पडक्या दरवाजाशी जास्त हळवा होणारा माणूस मराठी मुलखात नवा नाही. गडालाही तीर्थ म्हणण्याची सवय महाराष्ट्राने आपल्या इतिहासातून कमावली आहे.

संतांचा आक्षेप

चारही निकष गळाल्यावर एक टोकाची भूमिका उरते. जागेला काही अर्थच नाही, सर्व काही मनात आहे, असे ती सांगते. या भूमिकेला परंपरेचाही आधार आहे. पुराणांनी सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, दया यांना ‘मानसतीर्थ’ म्हटले आहे. वारकरी संतांनी तीर्थातील दगड-पाण्यापेक्षा सज्जनांची संगत मोठी मानली आणि मन न धुता अंग धुणाऱ्यांची परखड थट्टा केली. पण तेच संत पंढरीची वारी चुकवत नव्हते, हे विसरून चालत नाही. त्यांचा आक्षेप जागेवर नव्हता, जागेवर भार टाकून स्वतः मोकळे होण्यावर होता. तीर्थ आपले काम करील, आपण काही करायचे नाही, ही वृत्ती त्यांनी नाकारली. त्यांच्या आक्षेपातूनच खऱ्या निकषाचा माग लागतो.

करार आणि मर्यादा

या तालुक्यांतील ठाकूर, वारली, कातकरी आणि महादेव कोळी समाजांची दैवते जागेला घट्ट बांधलेली आहेत. वाघोबा हे त्यांतले सर्वांत बोलके दैवत. उभ्या फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ आणि वर चंद्र-सूर्य, अशी त्याची स्थापना गावाच्या शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी असते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. या पूजेमागे एक करार आहे. माणसाने मान द्यायचा, ठरलेला नैवेद्य द्यायचा आणि रानाची मर्यादा पाळायची, मग वाघ गुरावासरांना आणि माणसांना सांभाळतो. इथे देव पाहण्याची वस्तू नसून कराराचा दुसरा पक्ष आहे. तो पाहत असतो, म्हणूनच शिवेपलीकडे जपून वागायचे.

हाच विचार शास्त्रांनी आपल्या भाषेत मांडला आहे. यात्रेला निघण्यापूर्वी उपवास, वाटेत दान, तीर्थावर कोणाकडून दान न घेणे, असे नियम यात्रिकाला घातले आहेत. म्हणजे यात्रिकाने जागेला द्यायचे, जागेकडून उकळायचे नाही. दुसरा नियम याहून कडक आहे. अन्यत्र केलेले पाप तीर्थावर धुतले जाते, पण तीर्थावर केलेले पाप वज्रलेप होते, म्हणजे ते कशानेही निघत नाही. भेद पडतो तो इथे. यात्रिक स्वतःला त्या जागेला जबाबदार मानतो. पर्यटकाने तिकिटाचे, खोलीचे आणि जेवणाचे पैसे दिले की त्याचे देणे संपले, असे त्याला वाटते. हेतू, कष्ट, प्राचीनता आणि देवत्व यांपैकी कशालाही न सापडलेला फरक या एका जाणिवेत सापडतो.

यावर एक रास्त शंका घेता येईल. बाहेरून आलेल्यावर परक्या श्रद्धेचे नियम का लादावेत? ऑस्ट्रेलियातील उलुरू या विशाल तांबड्या खडकाच्या बाबतीत हा वाद अनेक दशके चालला. अनांगू आदिवासींसाठी तो खडक पवित्र आहे. १९८५ साली त्याची मालकी त्यांना परत मिळाली, तरीही पर्यटकांचे चढणे सुरूच राहिले. चढू नका, ही अनांगूंची विनंती वर्षानुवर्षे फलकांवर होती. अखेर तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाने २०१७ मध्ये निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. अनांगूंच्या म्हणण्यात केवळ पावित्र्यभंगाची तक्रार नव्हती. त्या खडकावर कोणी पाहुणा दगावला तर त्याचे दुःख आणि दायित्व यजमान म्हणून आमच्यावर येते, असेही ते सांगत होते.

अनांगूंचा यजमानधर्म मुरबाडला अनोळखी वाटणार नाही. पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्यांपाशी, धरणांवर आणि ओढ्यांत अपघात होतात, म्हणून जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. आदेश मोडून कोणी कड्यात अडकले किंवा पाण्यात वाहून गेले की शोधायला प्रथम उतरतो तो जवळच्या पाड्यावरचा माणूस. तो पर्यटकाला ओळखत नाही, पण आपल्या रानात आलेला म्हणून त्याला आपला मानतो. त्या क्षणी जागा पाहुण्याकडे पाहत असते, आणि ती त्या माणसाच्या डोळ्यांनी पाहते. परकी श्रद्धा स्वीकारणे पाहुण्यावर बंधनकारक नाही. पण आपल्या वागण्याचा भार यजमान उचलतो हे कळल्यावर मर्यादा पाळणे हा श्रद्धेचा प्रश्न राहत नाही, न्यायाचा होतो.

पळीभर तीर्थ

मुंबईकर पाहुण्याच्या बाबतीत हा हिशेब आणखी पुढे जातो. मराठीत तीर्थ म्हणजे क्षेत्र आणि तीर्थ म्हणजे तळहातावर घेतलेले पळीभर पाणीही. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे वैतरणा आणि भातसा यांचे पाणीही त्यात मिळाले. मुरबाडमधील बारवी धरण अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणच्या पट्ट्याला पाणी पुरवते. तेव्हा या भागांतून येणारा पर्यटक इथे पहिल्यांदाच आलेला नसतो. हे रान त्याच्या घरी रोज सकाळी नळातून पोचलेले असते. उन्हाळ्यात मात्र याच शहापूर तालुक्यातील कित्येक गावांत आणि पाड्यांवर पाण्याचे टँकर येतात, आणि हंडे घेऊन बायका त्यांची वाट पाहतात.

भारतीय विचाराने माणूस ऋणे घेऊनच जन्माला येतो असे मानले आहे. देव, ऋषी आणि पितर यांच्या जोडीला मनुष्यऋणही सांगितले आहे. ऋण मान्य केल्याने ते फिटत नाही, पण न मानणारा ते फेडायच्या वाटेलाही लागत नाही. तलावाच्या काठी उभा राहून ज्याला फक्त सुंदर देखावा दिसतो तो पर्यटक आहे. हे पाणी आपण पितो आणि ते कोणाच्या तरी वाट्याचे आहे, एवढे ज्याच्या ध्यानात येते तो तिथेच, देवळात न जाता, यात्रिक होतो. त्याने तिथे प्लास्टिकची बाटली टाकली नाही, वाटाड्याला ठरलेले पैसे न कुरकुरता दिले, मनाई असलेल्या डोहात उतरला नाही, पाड्यावरच्या घरात विचारल्याशिवाय छायाचित्र काढले नाही, तर शास्त्राने सांगितलेले नियम त्याने आजच्या रीतीने पाळले असेच म्हणावे लागेल.

प्रसंगाने घडलेल्या तीर्थाचे निम्मे फळ शास्त्राने प्रत्येक प्रवाशाच्या नावावर आधीच लिहून ठेवले आहे. उरलेले निम्मे जागेकडून मिळत नाही, ते तिथल्या माणसांशी आणि पाण्याशी कसे वागले यावर ठरते.